आधी घरी ऐकू दे, मग वर्गात बोलू दे

ये, बस जरा. वणीजवळच्या राजूरच्या बायकांना समुपदेशन शिकवायचं काम तुझ्याकडे आलंय आणि तू भाषणांची यादी करून आणलीस: ताण, नैराश्याची लक्षणं, दारू, कायदा. यादी चांगली आहे गं, पण ती वर्गाबाहेर काढ. माहिती त्यांना घरी ऐकू दे. त्या समोर बसतील तो वेळ फक्त सरावाचा ठेव.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत बर्गमन आणि सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास हेच केलं. सामन्यांमुळे वर्ग बुडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी पाठ रेकॉर्ड केले. मग त्यांच्या ध्यानात आलं की पाठ ऐकायला मुलांना शिक्षक लागत नाही, उदाहरण अडलं की लागतो. समुपदेशनात तर माणूस अडतो तो तोंड उघडतानाच.

एकच वाक्य घे. कर्ज झालंय, कापसाला भाव नाही, घरधनी जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. त्याच्यासमोर बसून विचारायचं, ‘भाऊ, जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खरी नाही. अभ्यासांनी ते पुन्हा पुन्हा दाखवलंय. हे तू फळ्यावर लिहिलंस तर सगळ्या वहीत उतरवतील, पण प्रत्यक्षात जीभ रेटणार नाही. म्हणून तिघींचे गट कर. एक सांगणारी, एक ऐकणारी, एक पाहणारी. पाहणारीने काय बोललं गेलं तेवढंच टिपायचं, चूक-बरोबर म्हणायचं नाही. मग जागा बदला. ‘सगळं ठीक होईल’ हे वाक्य किती पटकन तोंडातून निघतं, ते त्यांचं त्यांनाच कळेल. त्यानंतरचा प्रश्नही म्हणून घे: ‘फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता?’ आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न सुटता कामा नये. आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये तुझ्या डोळ्यांदेखत सेव्ह झाला पाहिजे.

गावच्या बायकांना हे जमेल का, ही शंका मनातून काढून टाक. शेजारच्या अमरावतीत तीस गावांत मानसिक आरोग्याचा ‘विश्राम’ कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी आणि समुपदेशकांनी तो चालवला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात २७.२ टक्के झाले. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने मानसशास्त्र न शिकलेल्या लोकांना तयार केलं, ते आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत बोलायचे. त्यांच्या शिकण्यातला मला फार आवडलेला भाग म्हणजे ते एकमेकांच्या भेटींची रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायचे. तू मात्र खऱ्या माणसाचं रेकॉर्डिंग करू नको. सरावाचंच कर, आणि तेही व्हॉट्सॲपवर जाऊ देऊ नको. राजूर लहान आहे, आवाज ओळखू येतो.

आता घरचा भाग. तिथेच सगळं बिघडू शकतं. फोन पोराच्या हातात असतो, रात्री नवऱ्याच्या. म्हणून व्हिडिओ नको, आठ-दहा मिनिटांचा ऑडिओ कर. भाकरी थापता थापता ऐकता आला पाहिजे. जिच्याकडे फोन नाही तिची जोडी शेजारणीशी लावून दे. कोळसा खाणीच्या, म्हणजे कॉलरीच्या वस्तीत हिंदी आणि तेलुगू बोलणारी घरं आहेत, तेव्हा पुस्तकी मराठी टाळ. वेचणीच्या दिवसांत वर्ग ठेवूच नको, मजुरी बुडवून कोणी येणार नाही आणि तसं बोलवणंही बरोबर नाही. ऐकून झालं की एकाच प्रश्नाचं उत्तर मनात ठेवून यायला सांग. कोणी न ऐकता आलीच, तर तिला ओसरीवर फोन देऊन बसव. तिच्यासाठी सगळ्यांना पुन्हा भाषण देऊ नको. एकदा दिलंस की पुढच्या वेळी कोणीच ऐकून येणार नाही.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सराव करताना एखादीचं स्वतःचं दुःख वर येईल. आपल्या भागात कोणाच्या घरात कोणी जीव दिलेला असेल, ते सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी सांग की मधेच उठून बाहेर जायला परवानगी लागत नाही. बाहेर तिच्याजवळ बसायला एक जाणती बाई आधीच ठरवून ठेव, आणि तिला नुसतं बसायला सांग. सरावाच्या गोष्टी रचलेल्याच वापर; राजूरचं, वणीचं कोणतंही खरं घर त्यात येऊ देऊ नको.

पहिल्या ऑडिओचा मजकूर लिहिलास की रेकॉर्ड करण्याआधी मला पाठव. रविवारी दुपारी दोघी मिळून मोठ्याने वाचू, म्हणजे कुठे जड झालंय ते कानालाच कळेल.