गाठीच्या आतले पहारेकरी

दोन स्त्रियांना अंडाशयाचा कर्करोग झाला. रोगाची अवस्था एकच, शस्त्रक्रिया व औषधेही सारखीच. तरी एक अनेक वर्षे जगते, दुसरी लवकर दगावते. हा फरक आधी ओळखता येईल काय?

त्यासाठी काढलेल्या गाठीकडेच पाहू. गाठ म्हणजे निव्वळ कर्कपेशींचा गोळा नव्हे. तीत कर्कपेशींचे पुंजके असतात, भोवती तंतुमय ऊती व रक्तवाहिन्या असतात आणि रक्तातून शिरलेल्या पांढऱ्या पेशीही असतात. त्यांपैकी 'टी' पेशी या शरीराच्या पहारेकरी. गाठीचा पातळ काप घेऊन त्यावर या पेशींच्या विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड सोडतात आणि त्यांना रंग आणतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी चक्क मोजता येतात.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली रोग बळावलेल्या १८६ रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. १०२ गाठींत पुंजक्यांच्या आत टी पेशी आढळल्या. अशा रुग्णांपैकी ३८ टक्के पाच वर्षांनंतर हयात होत्या; ज्यांच्या पुंजक्यांत टी पेशी नव्हत्या, त्यांच्यापैकी अवघ्या ४.५ टक्के!

'आत' हा शब्द नीट ध्यानात घ्या. २००५ साली ११७ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात भोवतालच्या ऊतीत थांबलेल्या टी पेशींवरून काहीच भाकीत करता आले नाही. शिवाय सर्वच टी पेशी मारेकरी नसतात. काही 'नियंत्रक' पेशी मारेकऱ्यांनाच आवरून धरतात. पुंजक्यांत मारेकरी जास्त व नियंत्रक कमी, असे प्रमाण असलेल्या रुग्ण अधिक काळ जगल्या.

पण ३८ टक्के म्हणजे काय? किरणोत्सारी पदार्थातील निम्मे अणू किती काळात फुटतील हे आपण नेमके सांगतो; समोरचा एक अणू केव्हा फुटेल हे सांगता येत नाही. रुग्णाचेही तसेच. मात्र अणू सगळे एकसारखे असतात, माणसे नसतात. म्हणून आणखी खुणा शोधून गटाचे लहान गट पाडता येतात.

आता चाणाक्ष विद्यार्थी विचारील, मग पहारेकऱ्यांना जोर आणला की झाले! वायुभारमापकातला पारा उतरला की वादळाचा संभव असतो, पण नळी तापवून पारा चढवला तर वादळ टळत नाही. टी पेशी अशा नुसत्या पारा नाहीत, त्या खरोखर लढतात. म्हणूनच त्यांच्यावरचा लगाम सैल करणारी औषधे या रोगात वापरून पाहिली गेली. परंतु २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, नेहमीच्या उपचारांना अशी औषधे जोडूनही रोग आटोक्यात राहण्याचा काळ म्हणावा तसा लांबला नाही. पहारेकरी पुंजक्यांत पोचलेच नसतील, तर लगाम सोडायचा कोणाचा?