सिग्नलला उभी गाडी थरथरते

प्रश्न : माझी जुनी मारुती 800 जेऊर रस्त्यावर वेगात बरी चालते, पण उभी असताना स्टिअरिंगसकट थरथरते. इंजिनाचं काम निघेल का?
– एक वाचक, करमाळा

उत्तर : इंजिन खोलायची घाई अजिबात करू नका. तुमच्या गाडीला तीनच सिलिंडर. एक मिस झाला की तिसरा हिस्सा ताकद जाते आणि आयडलिंगला गाडी हादरते.

इंजिन थंड झाल्यावर तिन्ही प्लग काढून क्रमाने कागदावर मांडा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण नीट होतंय. जो प्लग पेट्रोलने ओला निघाला, त्याचा सिलिंडर पेटत नाही. हा प्लग शेजारच्याशी बदला, गाडी थोडी चालवून पुन्हा पाहा. ओल प्लगसोबत सरकली तर प्लग गेला. जागीच राहिली तर संशय वायरवर. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा : तडकलेल्या वायरीतून निळसर ठिणग्या उडताना दिसतात. मात्र हात लावू नका, झटका जबर बसतो.

वायरी बदलायच्या तर पूर्ण सेटच बदला. तरीही तोच सिलिंडर मिस झाला, तर डिस्ट्रिब्यूटर कॅप आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या. तिन्ही पेटत असूनही थरथर राहिली, तर इंजिन माउंटिंगचे रबर पाहा.