आठ फुटी होडी बांधायची, तर खर्च किती?

उत्तन, पाली, चौक या मच्छीमार गावांत नौका किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या असतात. तिथवर माणसं, जाळी, डिझेलचे कॅन न्यायला लहान होडी लागतेच. ती प्लायवुडची बांधायची असेल, तर आठ फुटांच्या आत बसणारं, सपाट बुडाचं आणि बोथट नाळेचं डिझाइन निवडा.

प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची येते, म्हणून हे माप. १९४७ साली अमेरिकेत क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी आखलेली ‘ऑप्टिमिस्ट’ ही अशीच होडी, २.३६ मीटरची आहे. तिच्या फळ्यांना लांबीत सांधा द्यावा लागत नाही. बोथट नाळ लाटेवर आपटते, पण तेवढ्याच लांबीत जागा जास्त मिळते आणि होडी कमी डगमगते.

बांधणीची रीत मात्र ‘मिरर’ची घ्या. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ही शिडाची होडी आखली. फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने टाके घालायचे, मग सांध्यावर ग्लासफायबरची पट्टी राळेत बसवायची. सुरुवातीला तिचा संच ६३ पौंड ११ शिलिंगला मिळे. पुढे सत्तर हजारांहून जास्त ‘मिरर’ बांधल्या गेल्या. शिडाची हौस असेल तर तीच बांधा. पण ती ३.३ मीटर लांब आहे, म्हणजे सांधा आला, सामान वाढलं. जोएल व्हाइट यांनी आखलेली ‘नटशेल’ होडी दिसायला देखणी, पण तिच्या एकावर एक चढणाऱ्या फळ्या बसवण्यात सुताराचे दिवस जातात.

सर्वात जास्त फसवणूक प्लायमध्ये होते. ‘मरीन’ हा शब्द कुणीही छापतो. शीटवर मरीन प्लायचं मानक आयएस ७१० आणि आयएसआयचा परवाना क्रमांक बघा, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासा. आयएस ३०३चा प्लाय किचनच्या कपाटाला ठीक, होडीला नाही. तळहाताएवढा तुकडा मागून घ्या आणि घरी पातेल्यात उकळा. आयएस ७१०च्या चाचणीत नमुना ७२ तास उकळतात. तुमच्या तुकड्याचे थर तीन-चार तासांतच सुटले, तर दुकान बदला. कापलेली कड मोबाइलच्या टॉर्चखाली धरा. आत पोकळ्या दिसल्या तर पाणी तिथूनच शिरणार.

आता हिशेब. भाव ढोबळ आहेत, लेखी कोटेशन घ्याच. ६ मिमीच्या तीन शीट ६ ते ९ हजार. इपॉक्सी सहा किलो, ४ ते साडेपाच हजार. ग्लासफायबर कापड दीड ते अडीच हजार. काठ आणि बैठकीसाठी घनफूटभर साग, साडेतीन ते ५ हजार. रंग ३ ते ४ हजार; स्क्रू, कड्या, वल्ही मिळून ४ ते ५ हजार. एकूण २२ ते ३१ हजार. सुताराचे बारा दिवस धरले तर आणखी १५ ते १८ हजार.

स्वस्त पॉलिएस्टर राळेचा मोह होईल. ती लाकडाला इपॉक्सीइतकी घट्ट धरत नाही. शिवाय बैठकीखाली तरंगण्यासाठी थर्माकोल भरणार असाल, तर ही राळ थर्माकोल विरघळवते. लोखंडी खिळेही नकोत, खाऱ्या पाण्यात गंजून ते भोवतालचं लाकूड कुजवतात. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस किंवा तांबं घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हात मोकळे असतात, पण दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो आणि पुढचा हात धरत नाही. हे काम दिवाळीनंतर काढा.

होडी पाण्यात उतरवण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात नोंदणीची चौकशी करा. मासेमारीला वापरणार असाल तर मत्स्यव्यवसाय विभागातही. जीएसटीचं बिल जपून ठेवा. माल नकली निघाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना तेच लागतं. आणि जितकी माणसं बसणार तितकी लाइफ जॅकेट वरच्या हिशेबात आजच धरा.