तबकडी ऐकायची कशी? बनारसचे तीन धडे

(कॅडेट, इयत्ता दहावी)

पहाटे बिगुल वाजला की पहिल्या दोन-तीन सुरांतच आपल्याला कळते, ही उठण्याची खूण आहे, मेसची की रिट्रीटची. यासाठी कोणी आपली वेगळी शिकवणी घेतलेली नाही. रोज तेच सूर त्याच क्रमाने ऐकून कान तयार झाला. बिगुलाला ना भोके, ना कळा. ओठांच्या ताणावर त्यातून मोजके पाच सूर काढतात आणि तेवढ्यावर अख्ख्या शाळेचा दिवस चालतो. तेव्हा “शास्त्रीय संगीत आपल्या डोक्यावरून जाते” असे म्हणणाऱ्या कॅडेटकडेही ऐकणारा कान असतोच. तो कान जुन्या ध्वनिमुद्रणांकडे कसा वळवायचा, ते या लेखात पाहू. उदाहरणे वाराणसीची म्हणजे बनारसची घेतली आहेत. ठुमरी आणि शहनाई या दोन्हींसाठी ते गाव प्रसिद्ध आहे, आणि तिथे मनापासून ऐकणारी माणसे मला जवळून पाहायला मिळाली आहेत.

ऐकणाऱ्यांची बैठक

ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा घाट हा वाराणसीचा भाग जुन्या मराठी वस्तीचा. माझी आत्या तिथेच राहते. रविवारी सकाळी तिच्या घरी आतोबांचे चार-पाच स्नेही जमतात. त्यात एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, साडीच्या गादीवर हिशेब लिहिणारे एक मुनीमजी आहेत आणि तबला शिकणारी एक ताई आहे. प्रत्येकाने आठवडाभरात काय ऐकले ते सांगायचे आणि त्यातले एक सर्वांना ऐकवायचे, असा क्रम असतो. कोणी जुनी तबकडी आणतो, कोणी कॅसेट. ताईचा सगळा संग्रह मोबाइलमध्ये असतो.

बैठकीचे नियम दोनच. वाजत असताना कोणी बोलायचे नाही. आणि संपल्यावर “छान”, “अप्रतिम” हे शब्द वापरायचे नाहीत. आतोबा म्हणतात, “छान हे तुमचं मत झालं. तुम्ही ऐकलंत काय, ते सांगा.”

हा नियम आपल्याला नवा नाही. फील्डक्राफ्टच्या तासाला “तिकडे काहीतरी हललं” हा रिपोर्ट चालत नाही. दिशा सांगावी लागते, अंतर सांगावे लागते, वस्तू कोणती ते सांगावे लागते. म्हणजे दुसऱ्यालाही तीच जागा सापडते. ऐकण्याचा रिपोर्टही असाच हवा. पुढचे तीन धडे त्यासाठीच आहेत.

धडा पहिला : वेळ किती होता?

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणासाठी कोलकात्याला आले. त्यांच्यापुढे जे कलाकार गायले, त्यांत गौहरजान होत्या. त्यांचा जन्म आझमगढचा. बालपणाचा काही काळ बनारसमध्ये गेला आणि मग त्या आईबरोबर कोलकात्याला गेल्या.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचे. आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणाच्या थरावर खाच उमटायची. मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९२५च्या सुमारास. बाजारात येणारी तबकडी लाखेच्या मिश्रणाची असे, मिनिटाला साधारण ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत.

जो राग मैफलीत तासभर रंगतो, तो तीन मिनिटांत कसा गायचा? गौहरजान यांच्या तबकड्यांत याचे उत्तर ऐकू येते. लांब आलाप नाही. बंदिश लगेच सुरू होते, ताना नेमक्या आणि वेगवान येतात. शेवटी त्या इंग्रजीत आपले नाव सांगतात. हे नाव सांगणे म्हणजे मिरवणे नव्हे. तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात. तिथल्या कामगारांना कोणती तबकडी कोणाची, हे त्यावरून कळत असे.

आमच्यासारखे नवे ऐकणारे हे ऐकून म्हणतात, “जुने गायक फार घाईत गात.” हा निष्कर्ष चुकीचा आहे. घाई तबकडीची होती. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. १९८२ साली सीडी आली, तिच्यात ७४ मिनिटे मावत. प्रत्येक वेळी गाण्याला थोडी जास्त जागा मिळाली. म्हणून ध्वनिमुद्रण ऐकण्याआधी पहिला प्रश्न विचारायचा : कलाकाराच्या हाती वेळ किती होता?

धडा दुसरा : शब्द नीट ऐकला का?

बनारसच्या ठुमरीत एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, पण दरवेळी वेगळ्या सुरांनी. तीच ओळ कधी विनवणी वाटते, कधी लटका राग, कधी खरे दुःख. याला ‘बोल बनाव’ म्हणतात. शेवटाकडे तबला एकदम चपळ होतो, लय दुप्पट झाल्यासारखी वाटते, ती ‘लग्गी’. गाणारी व्यक्ती मात्र ओळ शांतपणे धरून ठेवते. मग तबला परत मूळ लयीत येतो. सिद्धेश्वरीदेवी, रसूलनबाई, गिरिजादेवी या तिघींची ध्वनिमुद्रणे ऐकताना या दोन जागा आधी शोधाव्यात.

आता रसूलनबाईंची एक गोष्ट. भैरवीतली ‘फूल गेंदवा’ ही ठुमरी त्यांच्या नावाशी जोडली गेलेली आहे. तिच्यात नायिका फुलाचा मारासुद्धा सहन होत नाही असे सांगते. तो घाव ‘काळजाला’ लागतो, असे त्या मैफलीत गात आणि लोकांनाही तेच शब्द ठाऊक झाले. १९६४ साली ‘दूज का चाँद’ या चित्रपटात मन्ना डे यांनी गायलेल्या गाण्यामुळे ही ठुमरी घरोघरी पोहोचली. परंतु रसूलनबाईंनी १९३५ साली दिलेल्या एका तबकडीवर ‘काळीज’ या शब्दाच्या जागी दुसरा शब्द आहे. तो स्त्रीच्या तारुण्याचा आणि देहाचा उघड उल्लेख करतो. ही तबकडी जवळजवळ विस्मरणात गेली होती. चित्रपटकार सबा दीवान यांनी तिचा माग काढला. वाराणसी, लखनौ आणि मुझफ्फरपूर इथे जाऊन त्या जुन्या गायिकांना आणि जाणकारांना भेटल्या, आणि २००९ साली त्यावर ‘द अदर साँग’ हा माहितीपट केला.

तबकडीत फक्त शब्द आहे. त्यामागचे कारण समजायला तो काळ पाहावा लागतो. या गायिका पिढ्यान्पिढ्या कोठ्यावर गाणाऱ्या होत्या. त्यांचे गाणे समाजाला हवे होते, पण त्या नको होत्या. रंगमंचावर, रेडिओवर मान मिळवायचा तर गाणे ‘सभ्य’ असल्याचे दाखवावे लागे. रसूलनबाईंना १९५७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे १९६९च्या दंगलीत अहमदाबादमधले त्यांचे घर जळाले. १९७४ साली त्या गेल्या.

आतोबांच्या बैठकीत या तबकडीवर वाद झाला. पोस्टमास्तर म्हणाले, “चाल तीच, राग तोच. एका शब्दाने काय बिघडलं? उलट ‘काळीज’ जास्त गोड वाटतं.” तबला शिकणारी ताई म्हणाली, “गोड वाटतं हे खरं काका, पण त्या आधी दुसरं गायल्या होत्या, हेही खरंच ना? तबकडी नसती तर ते कधी गायलं गेलं होतं हेच कुणाला कळलं नसतं.” मुनीमजींनी दोन्ही पुन्हा एकदा लागोपाठ लावायला सांगितली.

मला ताईचे म्हणणे पटते. कोणता शब्द अधिक गोड, यावर दोन मते असू शकतात. कोणता शब्द गायला गेला, यावर असू शकत नाहीत. पण तो शब्द तबकडीवर असूनही कित्येक वर्षे कोणी बोलले नाही, म्हणून तो नसल्यासारखाच झाला होता. ध्वनिमुद्रण कपाटात असणे पुरेसे नाही; कोणीतरी ते लक्ष देऊन ऐकावे लागते आणि दुसऱ्याला सांगावे लागते.

धडा तिसरा : श्वास कुठे घेतला?

शहनाई म्हणजे आपल्या सनईचीच बहीण. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचा जन्म २१ मार्च १९१६ रोजी बिहारमधल्या डुमराव इथे झाला. लहानपणीच ते बनारसला आले आणि मामा अलीबक्ष यांच्याकडे शिकले. पंचगंगा घाटाजवळच्या बालाजी मंदिरात ते रियाज करत. लग्न-मिरवणुकीत आणि देवळाच्या दारात वाजणारे हे वाद्य त्यांनी मैफलीच्या मंचावर नेले. देश स्वतंत्र झाला तेव्हा लाल किल्ल्यावर त्यांची शहनाई वाजली. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

महाराष्ट्रातून गेलेले व्हायोलिनवादक पंडित व्ही. जी. जोग यांच्याबरोबर त्यांची जुगलबंदी गाजली आणि तिची ध्वनिमुद्रणे मिळतात. नव्या ऐकणाऱ्याने इथून सुरुवात करावी, कारण दोन वाद्यांतला फरक स्वच्छ ऐकू येतो. व्हायोलिनचा गज श्वास न घेता सूर लांबवू शकतो. शहनाई फुंकीची आहे. वादकाला श्वास घ्यावाच लागतो. शहनाईचे वाक्य कुठे तुटते ते ऐका. खाँसाहेब वाक्य अर्धवट सोडून श्वास घेत नाहीत. जिथे बोलण्यातही आपण थांबू, तिथेच ते थांबतात. मागे दुसऱ्या शहनाईचा सूर लागलेला असला, तर ती पोकळी भरून निघते.

दुसरी गोष्ट मींडेची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. बिगुल सुरावरून सुरावर उडी मारतो. शहनाईवादक भोक पूर्ण न झाकता, अर्धे उघडून आणि फुंक सांभाळून मधली वाट दाखवतो. बिगुल रोज ऐकणाऱ्या आपल्याला हा फरक चटकन कळायला हवा.

२१ ऑगस्ट २००६ रोजी वाराणसीत खाँसाहेबांचे निधन झाले. भारतीय सैन्याने त्यांना २१ तोफांची सलामी दिली. दहा वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, त्यांच्या काही चांदीच्या शहनाया घरातून चोरीला गेल्या. पोलिसांनी तपास लावला तोवर चांदी वितळवलेली होती. त्या शहनाया परत घडवता येणार नाहीत. त्यांचे वाजणे आता ध्वनिमुद्रणातच ऐकता येईल.

नोंदवही कशी ठेवावी?

प्रत्येक ध्वनिमुद्रणासाठी पाच ओळी पुरतात.

१. कोण गाते किंवा वाजवते, साथीला कोण?
२. ध्वनिमुद्रण कोणत्या काळातले, किती मिनिटांचे?
३. राग आणि ताल (कव्हरवर लिहिलेला असतो तो).
४. कितव्या मिनिटाला काय घडले? निदान दोन जागा.
५. दुसऱ्याला विचारण्यासाठी एक प्रश्न.

चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची. “शेवटी मजा आली” ही कच्ची नोंद. “दोन मिनिटे दहा सेकंदांवर तबला चपळ झाला, गायिकेने ओळ तशीच धरली, अडीच मिनिटांवर तबला मूळ लयीत परतला” ही पक्की नोंद. ती वाचून दुसरा कॅडेट नेमक्या त्या जागी पोहोचू शकतो आणि तुमची नोंद बरोबर आहे का, हे तपासूही शकतो.

वेळ मिळत नाही ही तक्रार इथे चालणार नाही. ७८ फेऱ्यांची तबकडी तीन मिनिटांत संपते. रविवारी गेम्सच्या आधी संगीत कक्षात एकच तबकडी दोनदा ऐकली, तरी दहा मिनिटांत काम होते.

सराव

(अ) गौहरजान यांचे कोणतेही एक ध्वनिमुद्रण ऐका. बंदिश सुरू व्हायला किती सेकंद लागले? नाव कुठे सांगितले?
(आ) गिरिजादेवींची एक ठुमरी ऐका. एकच ओळ किती वेगवेगळ्या प्रकारे आली ते मोजा. लग्गी कुठे सुरू झाली?
(इ) बिस्मिल्ला खाँ आणि व्ही. जी. जोग यांच्या जुगलबंदीची पहिली पाच मिनिटे ऐका. शहनाईचे श्वास मोजा. शेजारच्या मित्राचा आकडा वेगळा आला तर दोघांनी मिळून पुन्हा ऐका.

नोंदी संगीत कक्षातल्या मराठी विभागाच्या वहीत लिहाव्यात. दोन कॅडेटनी एकाच ध्वनिमुद्रणाबद्दल वेगळे लिहिले असेल, तर दोन्ही नोंदी पुढच्या अंकात शेजारी शेजारी छापू.