सुनीत : चौदा ओळी आणि एक कलाटणी

इंग्रजीतील 'सॉनेट' मराठीत रुजले ते केशवसुतांमुळे. १८९२ साली त्यांनी लिहिलेले 'मयूरासन आणि ताजमहाल' हे मराठीतील पहिले सुनीत मानले जाते. पुढे रविकिरण मंडळाच्या कवींनी हा प्रकार लोकप्रिय केला. माधव जूलियनांनी तर 'तुटलेले दुवे' (१९३८) ही सबंध सुनीतमालाच रचली.

परीक्षेत आपण लिहितो, पेट्रार्कची रचना आठ-सहा ओळींची, शेक्सपिअरची चार-चार-चार-दोन. परंतु ओळी मोजून सुनीत होत नाही. आधी एक बाजू मांडायची, मग विचार वळवायचा, ही कलाटणी त्याचा प्राण आहे. केशवसुतांचे नुसते शीर्षक पाहा. दोन्ही वस्तू एकाच शहाजहानच्या. मयूरासन १७३९ साली नादिरशहाने लुटून नेले. ताजमहाल यमुनेकाठी उभाच आहे.

सुनीत म्हटले की प्रेम, विरह आणि शिकलेल्यांची दिवाणखान्यातली कविता असेच मनात येते. आमच्यासारख्या, पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या घरात कविता म्हणजे जात्यावरची ओवी. दळण सरेपर्यंत ओवीमागून ओवी येते. सुनीताला मात्र दळण उरले तरी चौदाव्या ओळीवर थांबावे लागते.

तरीही आम्हा उजनीकाठच्या मुलांना हा प्रकार परका वाटू नये, असे माझे मत आहे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले आणि कित्येक जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर दिसते. बुडालेल्या अंगणासाठी हळहळणारी आजी आणि त्याच पाण्यावर मोटार बसवून ऊस पिकवणारा चुलता आमच्याकडे एकाच घरात जेवतात. ओवी आजीचे दुःख सांगेल, आणि ते सांगायलाच हवे. पण नवव्या ओळीत 'पण' म्हणून चुलत्याकडे वळायला सुनीतच भाग पाडते.

अडचण आहे ती वृत्ताची. केशवसुतांना प्रिय असलेल्या शार्दूलविक्रीडितात एका ओळीत एकोणीस अक्षरे, बाराव्यावर यती. त्यात 'गावठाण' हा शब्द सहाव्या अक्षरापासूनच काय तो सरळ बसतो. लघुगुरू मांडून पाहावे. विंदा करंदीकरांनी मुक्तसुनीते लिहून हा फास सैल केला. गावठाणाला तेथे हव्या त्या जागी बसता येते.