हिरवा त्रिकोण म्हणजे 'जा' नव्हे : फवारणी करणाऱ्या हातांसाठी एक पाठ



आमची शाळा संत्र्याच्या आणि कपाशीच्या पट्ट्यात आहे. वर्गात बागमालकांची मुलं आहेत आणि त्याच बागांत मजुरीला जाणाऱ्यांचीही आहेत. एका सकाळी चौथीतला एक मुलगा झाडांना पाणी घालायला घरून डबा घेऊन आला. डबा कीटकनाशकाचा होता. "मॅडम, आईनं चांगला धुतला आहे," तो म्हणाला. तो डबा मी बाजूला ठेवला, मुलांना साबणानं हात धुवायला लावले आणि त्या दिवसाचा परिसर अभ्यासाचा तास याच विषयावर घेतला.

हा पाठ कशासाठी?

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी अनेक वावरांत कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती. फवारा तोंडासमोर उडत होता, ऊन-दमटपणा होता, अंगावर साधे कपडे होते आणि दोन-तीन औषधं एकत्र मिसळून मारली जात होती. संत्र्याच्या बागेत तर झाड डोक्याच्या वरच असतं. नळी वर धरली की तुषार खाली, फवारणाऱ्याच्याच अंगावर पडतात. म्हणून बागेतल्या मजुराला धोका जास्त.

उपक्रम १ : लेबल वाचूया

रिकामे डबे वर्गात अजिबात आणू नका. मी लेबलचा फोटो मोठा करून दाखवला. प्रत्येक डब्यावर चौकटीत रंगीत त्रिकोण असतो.

- लाल : अत्यंत विषारी. वर कवटीचं चित्र आणि 'पॉयझन' हा शब्द
- पिवळा : जास्त विषारी
- निळा : मध्यम विषारी
- हिरवा : कमी विषारी

"हिरवा म्हणजे काय?" असं विचारल्यावर अख्खा वर्ग ओरडला, "जा!" सिग्नलचा धडा नुकताच झाला होता ना! इथंच थांबून समजवावं लागतं की हिरवा असला तरी ते विषच आहे. आपण घरी त्याला 'औषध' म्हणतो, तिथूनच गैरसमज सुरू होतो.

उपक्रम २ : विष अंगात कुठून शिरतं?

फळ्यावर माणसाचं चित्र काढा आणि मुलांना विचारा. तोंड आणि नाक ती लगेच सांगतात. कातडी मात्र कोणालाच सुचत नाही. प्रत्यक्षात फवारणी करताना सगळ्यात जास्त विष कातडीवाटेच जातं. एक साधा प्रयोग करा. स्प्रेच्या बाटलीत रंगीत पाणी भरा, एका मुलाला जुना पांढरा सदरा घाला आणि मैदानावर वाऱ्याच्या दिशेला तोंड करून डोक्याच्या वर फवारायला सांगा. मग वाऱ्याकडे पाठ करून पुन्हा फवारा. कोणत्या वेळी सदऱ्यावर जास्त ठिपके पडले ते मुलं स्वतःच मोजतात.

घरी सांगायच्या गोष्टी

- पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा, मास्क, बूट वापरायचे. तोंडाला नुसता दुपट्टा बांधून भागत नाही, ओला झाला की तोच विष धरून ठेवतो.
- सकाळी किंवा संध्याकाळी फवारायचं. भर उन्हात किंवा जोराच्या वाऱ्यात नाही.
- औषध काडीनं ढवळायचं, हातानं नाही. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही.
- मध्येच खर्रा, बिडी, पाणी नको. आधी साबणानं हात-तोंड धुवायचं.
- मनानं औषधं एकत्र करायची नाहीत.
- फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवायचे नाहीत. ते धुणाऱ्या आईलाही धोका असतो.
- १८ वर्षांखालच्या मुलांनी पंप भरायलासुद्धा जायचं नाही.

त्रास झाला तर

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं, दम लागणं यातलं काहीही जाणवलं की काम थांबवा. "ऊन लागलं असेल" म्हणून झाडाखाली पडून राहू नका. माणसाला वावराबाहेर मोकळ्या हवेत आणा, कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा. उलटी करायला लावू नका, दूध-तूप पाजू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा त्याच्यासोबतचं पत्रक दवाखान्यात नक्की न्या. कोणतं विष आहे ते कळलं तर डॉक्टरांना उतारा लवकर देता येतो.

एका मुलीचा प्रश्न

तास संपता संपता एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, माझ्या बाबांना पंपामागं मजुरी मिळते. हातमोजे कोण घेऊन देणार?"

वर्ग शांत झाला. तिच्या शेजारच्याच बाकावर बागमालकाचा मुलगा बसला होता. मी सांगितलं, "जो काम देतो त्यानं." हे काही माझं मत नाही. फवारणी करणाऱ्याला योग्य संरक्षक कपडे हवेत, असं कीटकनाशक नियम १९७१ सांगतात. पण पंपामागं मजुरी ठरली की माणूस घाई करतो, मोज्यांत हात उकडतात म्हणून ते काढतो, आणि मालकही बघून न बघितल्यासारखं करतो. हे बदलायचं तर दोघांशी बोलावं लागेल.

पुढच्या पालकसभेत मी हाच विषय ठेवला. सगळेच काही पटवून घेऊन गेले नाहीत. "इतक्या वर्षांत काही झालं नाही," असंही एकजण म्हणाले. पण दोन बागमालक पालकांनी हंगामाआधी हातमोजे-चष्मे आणून ठेवायचं कबूल केलं. मुलांनी बनवलेला त्रिकोणाचा तक्ता आता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे.

शिक्षक बंधूभगिनींनो, हा पाठ फवारणीचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच घ्या. आणि पालकहो, आज घरी जाऊन एकच करा. औषधाचा डबा कुठं ठेवलाय ते पाहा. तो स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या हाताला येईल असा असेल, तर आजच कुलपात जाऊ द्या.