घुबडाचा आहार : मुलांकडून करवून घ्यावयाचा पाठ

परळ-लालबागच्या जुन्या इमारतींच्या सांदीकोपऱ्यांत आढळणारे गव्हाणी घुबड गावाच्या खळ्यावरही येते. ते उंदीर सबंध गिळते व न पचलेली हाडे-केस गोळीच्या रूपाने ओकून टाकते. सुट्टीत गावी आलेल्या गिरणगावच्या मुलांना ग्राम-कार्यकर्त्यांनी अशा वाळक्या गोळ्या त्याच्या बैठकीखाली दाखवाव्यात. घरट्याजवळ मात्र जाऊ देऊ नये. गोळी मोठ्या माणसाने उकळून द्यावी. मुलांनी ती चिमट्याने सोडवून कवट्या मोजाव्यात व हात साबणाने धुवावेत. पटाशीसारखे पुढचे दात आणि त्यांमागे मोकळी जागा असल्यास तो उंदीर. टोकदार दातांची सलग ओळ असल्यास चिचुंद्री. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग उंदरांवरील पिसवांनीच पसरविला होता. अपशकुनी समजून या पाखराला दगड मारणाऱ्यांनाही ही मोजणी दाखवावी. विषाने मेलेले उंदीर लगेच पुरावेत. ते खाऊन घुबडही मरते.